उपटणे, राखणे, लावणे : घमापूरच्या बाजूने पाहिलेली देशी वनस्पतींची चळवळ

गेल्या तीन-चार दशकांत मराठी मुलखातील शहरांतून देशी झाडांविषयीची आस्था वाढत गेली, वृक्षदिंड्या निघाल्या, लग्नकार्यांतून रोपे वाटली गेली, श्री. द. महाजन यांच्या ‘देशी वृक्ष’ या पुस्तकासारख्या ग्रंथांमुळे सामान्य वाचकाला करंज, पळस, बहावा यांची शास्त्रशुद्ध ओळख झाली, आणि या साऱ्यातून ‘देशी झाड लावा’ ही सूचना लोकांच्या मनात पक्की बसली. सूचना चांगली असली तरी ती अपुरी आहे. वनस्पतीच्या लेखी देशाच्या सीमेला काही अर्थ नसतो. पाऊस किती पडतो, खाली खडक कोणता आहे, थंडी कितपत पडते आणि बी वाहून नेणारे पक्षी-प्राणी कोणते आहेत, यांवर तिचे घर ठरते. म्हणून कोकणातला सुरंगी वृक्ष भारतीय असूनही जबलपूरभोवतीच्या महाकोशलात परकाच ठरतो.

ही गोष्ट जबलपुराइतकी स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसते. या शहराच्या पूर्वेला मंडला, डिंडोरी आणि कान्हाच्या बाजूला सालाची वने आहेत, तर पश्चिमेला नर्मदेच्या खोऱ्याने खाली उतरत जावे तसा सागाचा प्रदेश सुरू होतो. म्हणजे मध्य भारतातील दोन मोठ्या वनप्रकारांच्या सांध्यावर हे शहर वसलेले आहे. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, त्याआधी काही काळ हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता, आणि त्या संबंधांतून येथे मराठी कुटुंबे स्थिरावली. तरीही पुण्यात छापलेली देशी झाडांची यादी जबलपुरातील घमापूरसारख्या दाट वस्तीच्या भागात जशीच्या तशी चालत नाही. ज्या वस्तीत मोकळी जागा म्हणजे भिंतीकडेची पट्टी, नाल्याचा काठ, शाळेचे आवार किंवा देवळामागचा कोपरा एवढीच असते, तेथे तर यादीच्याही आधी दुसरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे त्या जागेवर आज काय उगवलेले आहे.

बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर गाजरगवत असे असते. पांढऱ्या बारीक फुलांचे, गाजराच्या पानांसारखी चिरलेली पाने असलेले हे अमेरिकेतील तण भारतात पसरत असल्याची बहुचर्चित नोंद 1956 साली पुण्यातून प्रसिद्ध झाली आणि पुढील काही दशकांत त्याने रस्त्यांच्या कडा, रेल्वेच्या जमिनी आणि पडीक शेते व्यापली. एका रोपापासून हजारो बिया तयार होतात, त्या वाऱ्याने, पाण्याने आणि वाहनांच्या चाकांबरोबर पसरतात. त्वचेचा दाह आणि श्वसनाचा त्रासही या वनस्पतीमुळे होतो. पुण्यात नोंदलेल्या या तणाविरुद्धची देशव्यापी मोहीम जबलपुरातून चालावी, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची तणविज्ञानासाठी वाहिलेली संस्था 1989 पासून याच शहरात आहे, आणि तिच्या पुढाकाराने दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो, ज्यात कृषी विज्ञान केंद्रे, शाळा आणि महाविद्यालये सामील होतात. देशी वनस्पतींच्या सामुदायिक कामाचा विचार करताना या सप्ताहाचे नाव सहसा कोणी घेत नाही, पण या चळवळीची पहिली पायरी हीच मानली पाहिजे.

काम दिसायला साधे आहे, पण त्याची रीत पाळावी लागते. हातमोजे घालून, नाकातोंडाला कापड बांधून, पावसाने माती भिजलेली असताना रोप मुळासकट उपटायचे. वरून कापले तर बुंध्याजवळून पुन्हा फुटवे येतात. फुलावर येण्याआधीच उपटलेल्या रोपांचे खड्ड्यात शेण आणि मातीचे थर देऊन कंपोस्ट करता येते. फूल धरलेले रोप मात्र खड्ड्यात टाकले तर तेच बी खताबरोबर बागेत परत येण्याची भीती राहते. येथे एक आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला तर त्याबरोबर उगवलेली रोपे ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुलावर आलेली असतात. म्हणून सप्ताहाची वाट न पाहता मोहल्ल्याने पहिला हात जुलैतच फिरवावा, आणि सप्ताह हा दुसऱ्या फेरीसाठी ठेवावा.

हाताने उपटण्याला जोड म्हणून मेक्सिकोहून 1984 साली आणलेला झायगोग्रामा नावाचा भुंगेरा सोडला जातो. एखाद्या उपद्रवी जीवाचा त्याच्या मूळ प्रदेशातील नैसर्गिक शत्रू आणून बंदोबस्त करणे, याला जैविक नियंत्रण म्हणतात. या भुंगेऱ्याच्या अळ्या आणि प्रौढ असे दोघेही गाजरगवताची पाने कुरतडतात, कोवळे रोप फुलावर येण्याआधीच बोडके करतात आणि प्रतिकूल ऋतूत जमिनीत सुप्त राहतात. हा कीटक सूर्यफुलावरही जातो की काय, यावरून एके काळी बराच वाद झाला होता, पण पिकाला त्याचा मोठा धोका नसल्याचे चौकशीत ठरले. परक्या वनस्पतीसाठी परका कीटक आणण्याचा हा उपाय ज्यांना खटकतो, त्यांच्यासाठी टाकळ्याचा मार्ग आहे. पावसाळ्याच्या तोंडावर टाकळ्याचे बी दाट फेकले की त्याची वाढ गाजरगवताला दाबून टाकते. टाकळ्याचे मूळ घर कोठले, याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत एकमत नसले तरी कोकणात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी पहिल्या पावसाबरोबर घरोघर होते, आणि पिवळ्या रंगाची लहान फुलपाखरे त्याच्या पानांवर अंडी घालतात, एवढा त्याचा या मातीशी सलोखा जमलेला आहे.

उपटण्यानंतरची पायरी राखण्याची, आणि तिचा वारसा महाराष्ट्रात फार जुना आहे. देवाच्या नावाने राखलेले, ज्यात कुऱ्हाड चालवायची नाही असे रान म्हणजे देवराई. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा मूळ वनाचा नमुना या लहान तुकड्यांत टिकून असल्याचे अभ्यासकांसमोर आले. महाकोशलात गोंड समाज साजाच्या झाडात बडादेवाचा वास मानतो. मराठीत ज्याला ऐन म्हणतात तोच हा वृक्ष, आणि मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीमुळे तो कोणालाही चटकन ओळखता येतो. देशी बाग करू पाहणाऱ्या मंडळाने रोपवाटिकेत जाण्याआधी अशी राखलेली ठिकाणे पाहावीत, कारण त्या भागात कोणते झाड कोणाच्या सोबतीने वाढते याची उघडी पोथी तेथे वाचायला मिळते. जबलपुरातच महापालिकेच्या देखरेखीखालील डुमना निसर्ग उद्यान आहे, 1883 मध्ये बांधलेल्या खंदारी जलाशयाभोवतीचे; अशा जंगलात एक फेरी मारली तरी यादी निम्मी तयार होते.

राखण्याच्या या दृष्टीलाच नैसर्गिक भूरचना असे नाव देता येईल. जागेचा मूळ उतार, पाणी वाहून जाण्याची वाट, पडलेला पालापाचोळा आणि आपोआप उगवलेली उपयुक्त रोपे कायम ठेवून केलेली परिसराची मांडणी, असा तिचा अर्थ आहे. पुण्याच्या टेकड्यांवर याच्या उलट घडले. गुरे सहसा खात नाहीत, फांदी खोचली तरी जगते आणि जमिनीत नत्र धरते, म्हणून तेथे गिरिपुष्प या झाडाची लागवड झाली. टेकड्या हिरव्या दिसू लागल्या, पण दाट सावलीखाली मूळचे गवत आणि पावसाळी फुलझाडे मागे हटली. गवताळ माळ म्हणजे ओसाड जागा, ही समजूत या चुकीच्या मुळाशी होती, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

लावण्याच्या पायरीवर तर आकड्यांचे वेड फार आहे. 2 जुलै 2017 रोजी मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात 6 कोटींहून अधिक रोपे लावल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रानेही 2016 ते 2019 या काळात कोटींची उद्दिष्टे दरवर्षी वाढवत नेली. एका दिवसात कोट्यवधी रोपे हवी असतील तर जे मोठ्या संख्येने सहज मिळते तेच लावले जाते, आणि त्या ठिकाणचे झाड कोणते हा प्रश्न मागे पडतो. त्या तुलनेत मुंबईतील माहीम निसर्ग उद्यानाचे काम कितीतरी अधिक शिकवणारे आहे: शहराचा कचरा टाकण्याच्या जागेवर माती घालून, वर्षानुवर्षे लागवड करून, 1994 मध्ये सुमारे 37 एकरांचे हे रान लोकांसाठी खुले झाले. तेथे वेळ दिला गेला, हेच त्याचे मोठेपण.

घमापूरच्या पट्ट्यांसाठी ऐन, धावडा, चार (चारोळी), कोशिंब, मोह, पळस, बहावा, खडकाळ जागेवर कांडोळ, आणि घराशेजारी कढीपत्ता व लिंबू अशी यादी समोर ठेवता येईल. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, म्हणून कुरतडलेली पाने पाहून औषध फवारण्याची घाई करू नये. बी मात्र जवळच्या झाडांचेच घ्यावे आणि त्याचे वेळापत्रक पाळावे. बहाव्याच्या बीचे कवच टणक असते, ते खरवडून किंवा गरम पाण्यात भिजवून पेरावे लागते, पण ते पुष्कळ दिवस टिकते. कडुनिंबाचे बी काही आठवड्यांत मरते, मोहाचे बीही फार काळ धरून राहत नाही, आणि सालाचे बी पावसाच्या तोंडावर गळून आठवडाभरातच निकामी होते, त्यामुळे ते साठवून ठेवून पुढे कधीतरी वाटण्याचा विचारच करता येत नाही. शाळेच्या आवारात रोपवाटिका करायची असेल तर बी गळण्याच्या जूनमधील आठवड्यांत शाळा नुकत्याच उघडत असतात, मुले अजून जमलेली नसतात, म्हणून पिशव्यांत माती भरण्याचे काम एप्रिलपूर्वीच उरकलेले असावे लागते.