तळ्यातला पडदा

पडदा म्हटला की आम्हां मराठी माणसांना प्रथम नाटक आठवते. तिसरी घंटा, धुपाचा वास, आणि मग हळूहळू वर जाणारी ती मखमल. परंतु 1973 साली कॅनडा देशात, ओंटारिओ प्रांताच्या वायव्य टोकाला, जिथे माणसांपेक्षा तळी अधिक आणि तळ्यांपेक्षा डास अधिक अशा अरण्यात, काही संशोधकांनी चक्क एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. तोही असा की पाण्याच्या पृष्ठभागापासून थेट तळच्या गाळापर्यंत पोचावा आणि या बाजूचा थेंब त्या बाजूला जाऊ नये.

या तळ्याला नाव नव्हते. 226 हा क्रमांक एवढीच त्याची ओळख, तुरुंगातल्या कैद्यासारखी. आकार मात्र मोठा सोयीचा होता. शंकराच्या हातातल्या डमरूसारखा! दोन्हीकडे फुगलेला आणि मध्ये चिंचोळा. त्या चिंचोळ्या कमरेत नायलॉनच्या धाग्यांनी बळकट केलेला प्लॅस्टिकचा पडदा बसवला आणि एका तळ्याची दोन तळी झाली.

वाचक विचारतील, हा खटाटोप कशासाठी? त्याला कारण साबण. त्या काळी अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचे ईरी नावाचे अवाढव्य सरोवर शेवाळाने गुदमरले होते. वर्तमानपत्रे त्याला 'मेलेले सरोवर' म्हणू लागली होती. शेवाळ वाढते, मरते, तळाशी जाऊन कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, आणि मग मासे पोट वर करून तरंगतात. हे शेवाळ कशावर पोसते? काही शास्त्रज्ञांचे बोट फॉस्फरसकडे होते, आणि फॉस्फरस येत होता सांडपाण्यातून व कपडे धुण्याच्या पावडरींतून. पावडरी बनवणाऱ्यांना हे मानवण्यासारखे नव्हते. दोष कार्बनचा आहे, आमच्या मालाचा नव्हे, असे सांगणारे विद्वान त्यांच्या बाजूला होते. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांचे पुरावे दोन्हीकडे भरपूर होते. पण बाटली म्हणजे तळे नव्हे.

डेव्हिड शिंडलर हा तेव्हा तिशीतला संशोधक होता. कॅनडा सरकारने 1968 साली अशी अठ्ठावन्न तळी केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवली होती, आणि तो तिथला प्रमुख होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी 226 क्रमांकाच्या दोन्ही भागांत कार्बन घातला. कार्बन म्हणजे काय, तर साधी साखर! नायट्रोजनही दोन्हीकडे सारखाच घातला. फॉस्फरस मात्र फक्त एका भागात. काही आठवड्यांतच तो एक भाग मटारच्या आमटीसारखा हिरवा झाला. दुसरा होता तसाच काळासावळा, निवळ राहिला. विमानातून त्याचे छायाचित्र घेतले गेले. ते मी पाहिले आहे. एकाच तळ्याचा एक अर्धा भाग हिरवा, एक काळा, आणि मध्ये ती पडद्याची बारीक रेघ. शेकडो पानांच्या अहवालांनी मिटला नसता तो वाद या एका चित्राने बराचसा मिटवला. त्याच दशकात कॅनडाने आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी धुण्याच्या पावडरींतल्या फॉस्फेटवर मर्यादा घातल्या.

मी मराठीचा प्राध्यापक. शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर संपला, असे शिक्षकखोलीत सर्वजण समजतात आणि ते फारसे चूक नाही. परंतु शब्दांचा नाद लागलेल्या माणसाला शास्त्राची दारे अधूनमधून किलकिली होतात. 'फॉस्फरस' हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ 'प्रकाश वाहून आणणारा'. पहाटेच्या शुक्राच्या चांदणीलाही ग्रीक लोक हेच नाव देत. हँबुर्गच्या हेनिग ब्रांट नावाच्या किमयागाराला 1669 साली तो सापडला तो सोने शोधताना, आणि तोही माणसाच्या मूत्रात! बादल्यांनी मूत्र आटवून त्याने अंधारात चमकणारा एक मेणासारखा पदार्थ मिळवला. दिवाळीत आपण फुलबाजी पेटवतो तेव्हा काडेपेटीच्या ज्या तांबूस बाजूवर काडी ओढतो, तिथे आजही तोच बसलेला असतो. शेतात खत, तळ्यात शेवाळ, काडेपेटीवर ठिणगी. एकाच माणसाने तीन नाटकांतून तीन भूमिका कराव्यात तसे.

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर ज्यांनी कधी ना कधी हिरवा थर नाहीतर जलपर्णीचा गालिचा पाहिला असेल, त्यांना त्या कॅनडातल्या छायाचित्राचा अर्थ निराळा सांगायला नको. शहराचे सांडपाणी म्हणजे ब्रांटच्या बादल्याच की! फरक इतकाच, की आपल्या तळ्यांत पडदा नसतो. सगळेच तळे हिरवे होते, आणि तुलनेला निवळ बाजू उरत नाही. मग जो तो म्हणतो, 'पूर्वीही असेच होते.'

याच संशोधकांचा आणखी एक प्रयोग मला विसरता येत नाही. 1976 पासून त्यांनी 223 क्रमांकाच्या तळ्यात दरवर्षी थोडे थोडे गंधकाम्ल घातले. कारखान्यांच्या धुरामुळे पडणाऱ्या आम्ल पावसाने काय होते ते पाहण्यासाठी. ट्राउट मासे आम्लाने मरतील अशी अपेक्षा होती. आम्लाने ते मेले नाहीत. मेले ते त्यांचे खाद्य, म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव आणि लहान मासळी. ट्राउट त्यानंतर उपासमारीने वाळत गेले. जिवंत, पण डोके मोठे आणि अंग काडीसारखे. मासे आहेत की नाहीत एवढेच मोजणाऱ्याने सांगितले असते, 'सर्व ठीक आहे.'

तळे तक्रार करीत नाही. त्याचा अर्धा भाग बिघडवला तरी ते न्यायालयात जात नाही. माणसाच्या मधोमध असा पडदा कसा लावायचा?

लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना हाच प्रश्न पडला होता. फुप्फुसाचा कर्करोग झपाट्याने वाढत होता आणि कारण कळत नव्हते. डॉल यांचा स्वतःचा संशय रस्त्यावरच्या डांबरावर होता. कुणाला मुद्दाम सिगारेटी ओढायला लावणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांनी आयुष्यानेच लावून ठेवलेला पडदा शोधला. रुग्णालयांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 649 पुरुषांना आणि दुसऱ्या आजारांच्या तितक्याच पुरुषांना त्यांनी सवयी विचारल्या. दुसऱ्या आजारांच्या पुरुषांत कधीच धूम्रपान न केलेले 27 निघाले. कर्करोग्यांत फक्त 2. हे 1950 साली छापून आले. डॉल यांनी स्वतःची सिगारेट तेव्हाच सोडली होती. पुढल्याच वर्षी त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रे पाठवली. चाळीस हजारांवर डॉक्टरांनी उत्तरे दिली, आणि मग हे दोघे त्यांच्या मरणाची वाट पाहत बसले! वाक्य क्रूर वाटेल, पण काम तेच होते. पन्नास वर्षांचा हिशेब 2004 साली प्रसिद्ध झाला तेव्हा डॉल एक्क्याण्णव वर्षांचे होते. सिगारेट न सोडणाऱ्याचे आयुष्य सरासरीने सुमारे दहा वर्षांनी कमी होते. साठीत सोडली तर तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळीच. आमच्या महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या पानपट्टीवर उभ्या असलेल्या मुलांना मी हे आकडे ऐकवतो. ती नम्रपणे सिगारेट पाठीमागे लपवतात. तेवढाच माझा विजय.

आपल्याकडे मात्र सिगारेटपेक्षा तंबाखूच अधिक. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत जाऊन 1,01,761 माणसांची तोंडे उघडून पाहिली. त्याचा निबंध 1972 साली प्रसिद्ध झाला. एक लाख तोंडे! शिरगणतीवाल्यांनाही माणसे दारातूनच वाटेला लावतात. इथे तर अनोळखी माणसापुढे, तेही बायाबापड्यांनी, आ करायचा होता.

त्या बायकांच्या तोंडात मिश्री असे. शहरातल्या तरुण वाचकांसाठी सांगतो: तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटून भुकटी करायची आणि सकाळी दातांना लावायची. म्हणायला दंतमंजन. माझी आत्या दिवसातून चार वेळा दात घाशी. तिच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा उठला तो तिने दोन वर्षे कोणाला सांगितला नाही. 'तोंड आलंय,' एवढेच म्हणे. तिखट सोसेना तेव्हा ताकभात खाऊ लागली. तिला घेऊन आम्ही शहरातल्या रुग्णालयात गेलो तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले नाही, आणि मला कळायचे ते कळले. त्या लाख तोंडांत असेच पांढरे चट्टे शोधले जात होते. चट्टा हाच पुढच्या रोगाचा निरोप असू शकतो, हे अशा मोजणीतूनच पक्के होते.

आता एक असे प्रकरण सांगतो की ज्याबद्दल माझे मन अजून स्थिर नाही. 1998 साली मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने शहरातल्या झोपडवस्त्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. डॉ. सुरेंद्र शास्त्री त्याचे प्रमुख. दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवडे शिकवून तयार केले. त्या दर दोन वर्षांनी वस्तीतल्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाला पातळ केलेले व्हिनेगर लावून मिनिटभर थांबत. जिथे बिघाड असेल तिथे पांढरा डाग उमटे. ना महागडे यंत्र, ना मोठी प्रयोगशाळा. आपल्या लोणच्याच्या बरणीतली वस्तू! सुमारे दीड लाख स्त्रिया या अभ्यासात होत्या आणि 2013 साली निकाल कळला: तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले होते.

पण कोणाच्या तुलनेत कमी? इथे पुन्हा तो पडदा येतो. निम्म्या वस्त्यांत तपासणी झाली. निम्म्या वस्त्यांतल्या स्त्रियांना रोगाची माहिती दिली, लक्षणे दिसली तर कुठे जायचे ते सांगितले, आणि तपासणी केली नाही. त्यांच्यातल्या मृत्यूंवरूनच तो 31चा आकडा निघाला. यावर देशात आणि परदेशात कडक टीका झाली. संशोधकांचे उत्तर असे, की त्या काळी भारतात अशा तपासणीची व्यवस्था कोणासाठीच नव्हती. आम्ही कोणाकडून काही हिरावून घेतले नाही. तेही खोटे नव्हे. पुराव्याशिवाय सरकार हलत नाही आणि पुरावा तुलनेशिवाय मिळत नाही, हेही मी जाणतो. तरीसुद्धा रस्त्याच्या पलीकडच्या वस्तीतली एखादी बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तळ्याच्या काळ्या भागाला हिरवा भाग दिसत नसतो. तिला अलीकडची वस्ती रोज दिसत असेल. व्हिनेगरची बाटली घेऊन येणारी मुलगी आपल्या गल्लीत का वळत नाही, असे तिने कोणाला विचारले असेल काय?

आमचे रसायनशास्त्राचे सहकारी म्हणतात, 'सर, म्हणूनच मी विजेऱ्यांवर काम करतो. विजेरीला वाईट वाटत नाही.' त्यांच्या खोलीत रुपयाएवढ्या विजेऱ्या ओळीने मांडलेल्या असतात. यंत्र त्यांना भरते, रिकामे करते, पुन्हा भरते. शेकडो वेळा, हजार वेळा. हे गृहस्थ रोज सकाळी येऊन आलेखाची रेघ किती खचली ते पाहतात. वाट पाहणे इथेही चुकलेले नाही.

या विद्येतले भीष्माचार्य जॉन गुडइनफ. आपल्या खिशातल्या फोनची विजेरी ज्या कोबाल्टच्या संयुगावर उभी राहिली, ते त्यांनी 1980 साली ऑक्सफर्डमध्ये पुढे आणले. त्यावरून जपानच्या अकिरा योशिनो यांनी सुरक्षित विजेरी घडवली, आणि 1991 साली सोनीने ती बाजारात आणली. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम हे या वाटेवरचे आद्य पुरुष. तिघांना मिळून 2019 साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते. इतक्या वयात ते दुसऱ्या कोणाला मिळालेले नाही. त्या शोधाच्या हक्कांचे पैसे त्यांना मिळाले नाहीत. 2023 साली ते गेले, शंभराव्या वर्षी.

परंतु विजेरीला वाईट वाटत नसले, तरी कोबाल्ट खणणाऱ्याला वाटते. जगातला बहुतेक कोबाल्ट काँगो देशातून येतो आणि तिथल्या हातखाणींत मुलेही काम करताना आढळली आहेत. मी हे म्हटल्यावर आमचे सहकारी थोडे गप्प झाले. मग त्यांनी कपाटातून करड्या भुकटीची एक बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून 1997 साली पुढे आलेले हे संयुग. त्यात कोबाल्ट नाही. लोखंड आहे, आणि लोखंडाच्या जोडीला फॉस्फेट. विद्युत वाहनांत आता याच विजेऱ्या मोठ्या संख्येने बसतात. विजेरी तापली तरी यातला फॉस्फरस प्राणवायूला घट्ट धरून ठेवतो, सुटू देत नाही; म्हणून ती सहसा पेट घेत नाही.

'म्हणजे तळ्यातला तोच?' मी विचारले.

'तोच,' ते म्हणाले, आणि बाटलीचे झाकण घट्ट लावून ती कपाटात ठेवायला उठले.