किरणांचे भय आणि शिळा भात

सुरतेच्या दक्षिणेस, उधना आणि पांडेसरा यांच्या शेजारी वसलेल्या आमच्या बमरोलीत रात्र अशी फारशी होतच नाही. यंत्रमागांचा खडखडाट चालूच असतो आणि बारा तासांची पाळी संपवून कोणी ना कोणी अवेळी घरी परतत असतो. उधना-जळगाव लोहमार्गाने खानदेशातून येथे आलेल्या घरांतून पूर्वी अशा माणसासाठी आई किंवा पत्नी जागी राहत असे. स्टोव्ह पेटवून भाजी गरम करून वाढीत असे. आज अनेक घरांत ते काम ओट्याच्या कोपऱ्यातील एका चौकोनी पेटीने पत्करले आहे. दोन मिनिटांत घंटी वाजते, आणि झोपलेल्या घराला जाग न आणता माणूस जेवून घेतो.

सोय मोठी, यात शंका नाही. परंतु तिच्याबरोबर घरात एक भयही शिरले, आणि ते नेमके चुकीच्या जागी जाऊन बसले, असे आमचे मत झाले आहे. त्यास कारण घडले आमच्या शेजारी.

शेजारच्या मावशींची सून गेल्या उन्हाळ्यात सात महिन्यांची गरोदर होती. मावशींनी घरात दंडकच घातला होता की, मायक्रोवेव्हची घरघर सुरू झाली की सूनबाईने स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचे नाही. स्वतः मावशी तर त्यातले अन्न तोंडीही लावीत नसत. “बेटा, त्या डब्यातलं माले नको,” असे सांगून त्या आपली भाकरी तव्यावरच शेकून घेत. अशा या काळजीवाहू घरात एके दिवशी सकाळी शिजलेला भात रात्रीपर्यंत ओट्यावर झाकून राहिला. मे महिन्याची सुरती उष्मा सर्वांच्या परिचयाची आहे. रात्री तो भात वाफा येईपर्यंत गरम झाला, फोडणीचे वरण त्यावर पडले, आणि मुलाने व सुनेने तो खाल्ला. तीन तासांच्या आत दोघांना ओकाऱ्या सुरू झाल्या. सूनबाईला दोन दिवस रुग्णालयात सलाईन लावावे लागले.

“मी म्हटलं नव्हतं? किरणं बाधली!” मावशी दारातच म्हणाल्या. आम्ही त्या वेळी सोबत होतो. डॉक्टरांनी मात्र किरणांविषयी काहीच विचारले नाही. त्यांनी एकच प्रश्न केला, “भात केव्हा शिजवला होता?”

पेटीत आहे तरी काय?

या पेटीचे हृदय म्हणजे मॅग्नेट्रॉन नावाची नळी. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हुडकण्यासाठी रडार हवे होते. त्यासाठी 1940 साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी एक समर्थ मॅग्नेट्रॉन तयार केला. पुढे 1945 मध्ये अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंता पर्सी स्पेन्सर अशा नळीजवळ उभे असता त्यांच्या खिशातील मिठाई वितळली, आणि त्यातून अन्न शिजवण्याची कल्पना निघाली, असे सांगतात. 1947 मध्ये आलेले पहिले यंत्र माणसाएवढे उंच आणि सुमारे 340 किलो वजनाचे होते. ओट्यावर मावेल असे घरगुती यंत्र अमेरिकेत 1967 साली बाजारात आले.

यातील लहरी रेडिओच्या लहरींच्याच कुळातल्या आहेत. त्या सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा आंदोलित होतात. अन्नातील पाण्याचे कण त्यांच्यासरशी फिरू पाहतात, आणि त्या ओढाताणीतून उष्णता निर्माण होते. क्ष-किरणांप्रमाणे अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याची शक्ती या लहरींत नाही. त्यामुळे अन्न किरणोत्सर्गी होत नाही. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, त्याप्रमाणे दार उघडताच लहरीही उरत नाहीत. दाराच्या काचेआड जी जाळी दिसते तिची छिद्रे बारीक, आणि लहरींची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर. म्हणून उजेड बाहेर येतो, लहरी येत नाहीत. अमेरिकेत 1971 पासून लागू असलेल्या नियमानुसार यंत्रापासून 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅटपेक्षा अधिक गळती कधीही होता कामा नये. थोडे दूर सरले की तीही झपाट्याने क्षीण होते. तात्पर्य, दार नीट बसत असेल तर शेजारून जाणाऱ्या गरोदर सुनेने भिण्याचे कारण नाही. दार वाकले असेल, खटका तुटला असेल किंवा काच तडकली असेल, तर मात्र ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत कोणीच वापरू नये.

मग दोष कोणाचा?

दोष भाताचा, अथवा तो ठेवणाऱ्या आपल्या सवयीचा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असतात. ती शिजवल्यानेही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ती रुजतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणजे तोच भात मावशींनी गॅसवर फोडणी देऊन परतला असता, तरी परिणाम तोच झाला असता. उपाय साधा आहे. उरलेला भात परातीत पसरून लवकर निववावा आणि उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. गरम करावयाचा तो एकदाच, खाण्यापुरता.

या पेटीतील लहरी अन्नात दोनचार सेंटिमीटरच शिरतात. “आतून बाहेर शिजते” ही समजूत खरी नव्हे. म्हणून खिचडीचा गोळा कडेला चटके देतो आणि मध्ये गार राहतो. त्या गार भागातच जंतू तग धरतात. मधूनच एकदा ढवळावे, आणि घंटी वाजल्यावर दोन मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे उष्णता सारखी पसरते. तान्ह्या बाळाचे दूध तर यात मुळीच तापवू नये. बाटली हाताला कोमट लागते, आणि आतील दूध मात्र जागोजागी जीभ पोळण्याइतके तापलेले असते.

ज्या गोष्टींना भ्यावे

पाण्याची गंमत आणखी निराळी. स्वच्छ, गुळगुळीत पेल्यातील पाणी या यंत्रात बुडबुडा न येता उत्कलनबिंदूच्या वर तापू शकते. ते शांत दिसते. पण त्यात साखर वा कॉफी टाकताच एकदम उसळून हातावर, तोंडावर उडते. पेल्यात लाकडी चमचा ठेवावा, आणि काढण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबावे. सालासकट अंडे ठेवू नये; ते फुटते, प्रसंगी बाहेर काढल्यावर फुटते.

आपली स्टीलची ताटली, जरीकाठी कपबशी आणि चांदीचा वर्ख यांना येथे मज्जाव आहे, ठिणग्या उडतात. श्रीखंडाचे रिकामे डबे जपून ठेवण्याची आपल्या घरांतील रीत जुनी आहे. त्यात लोणचे ठेवावे, मसाले ठेवावेत. तुपकट भाजी घालून ते या यंत्रात ठेवू नयेत. काचेचे वा चिनी मातीचे भांडे उत्तम. पापड भाजताना दुसऱ्या कामाला जाऊ नये. आत पेट घेतलाच तर दार उघडू नये. भिंतीवरील बटण बंद करावे, हवेवाचून आग विझते.

विजेविषयी मात्र थोडे परखड बोलणे भाग आहे. 800 वॅटची पेटी प्रत्यक्षात सुमारे 1200 वॅट वीज ओढते. एकाच तारेवर फ्रिज, पंखा आणि ही पेटी जोडणे म्हणजे तार जाळण्याची तयारी होय. तिला अर्थिंग असलेला, 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा. आणि आमच्या वस्तीतील कुशल हातांना एक विनंती. माग खोलून दुरुस्त करणाऱ्या माणसाला ही पेटी खोलण्याचा मोह होणारच. परंतु तिच्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा भार साठवून ठेवतो, आणि त्याच्या धक्क्याने माणूस जागीच दगावू शकतो. हे काम प्रशिक्षित कारागिरावरच सोपवावे.

असो. सूनबाई सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, आणि ती ठणठणीत आहे. मावशी अजूनही पेटीतले काही खात नाहीत. त्यांचा तो हट्ट आम्ही मोडू शकलो नाही, आणि मोडण्याची गरजही नाही. पण दुपारची जेवणे आटोपली की त्या स्वतः उरलेला भात परातीत पसरतात, पंख्याखाली ठेवतात आणि निवताच फ्रिजमध्ये सारतात. परवा आम्ही त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. मुलाने रात्रपाळीहून येऊन पेटीचे दार उघडले, तोच आतल्या खोलीतून मावशींचा आवाज आला, “बेटा, भात केव्हाचा आहे ते आधी पाहा!”