बेस सॉफ्टवेअरमधून येत नाही

“दादा, एफएल घेऊ का ॲबलटन? एफएलचा बेस जड लागतो म्हणतात.” चार-सहा महिने गाणी वाजवून झाली आणि आता स्वतःचे मिक्स बनवायची हौस आली, की प्रत्येक नवा डीजे हेच विचारतो. पुढची यादीही ठरलेली असते: ॲबलटनचा आवाज पातळ, लॉजिकचा स्वच्छ, रीपरचा कोरडा. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा नीट मांडतो.

गैरसमज: प्रत्येक सॉफ्टवेअरचा स्वतःचा ‘साउंड’ असतो.

वस्तुस्थिती: कॉम्प्युटरमधलं मिक्सिंग म्हणजे निव्वळ गणित. किकची फाइल ही सेकंदाला ४४,१०० आकड्यांची रांग असते. फेडर हलवला की त्या आकड्यांचा गुणाकार होतो, दोन ट्रॅक एकत्र वाजले की बेरीज होते. आजची सगळी नावाजलेली सॉफ्टवेअर हे गणित ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये करतात. बेल्जियमच्या एफएल स्टुडिओने केलं काय आणि बर्लिनच्या ॲबलटनने केलं काय, कानाला कळेल असा फरक उत्तरात येत नाही.

पटत नसेल तर घरी करून बघा. एक किक, एक हलगीचा लूप आणि एक बेसलाइन अशा तीन वेव्ह फाइल घ्या. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये नवीन, कोरा प्रोजेक्ट उघडा. फाइल एकाच जागेपासून लावा, फेडर सारखे ठेवा, मास्टरवर काही असेल तर काढा आणि २४ बिट वेव्ह एक्सपोर्ट करा. मग दोन्ही एक्सपोर्ट एकाच प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक ठेवून त्यातल्या एकाची फेज उलटी करा आणि प्ले दाबा. दोन्ही फाइल सारख्या असतील तर एकमेकींना खाऊन टाकतील आणि काहीच ऐकू येणार नाही. याला नल टेस्ट म्हणतात. ॲबलटनच्या मॅन्युअलमध्ये तर यावर अख्खं प्रकरण आहे. कोणत्या क्रियेने आवाजाला धक्का लागत नाही आणि कोणत्या क्रियेने लागतो, याची यादीच कंपनीने तिथे दिली आहे.

मग पोरांना फरक ऐकू येतो तो काय भास? नाही, फरक खरा असतो. फक्त त्याचं कारण दुसरीकडे असतं.

पहिलं कारण लिमिटर. एफएलच्या ‘बेसिक विथ लिमिटर’ या टेम्प्लेटमध्ये मास्टरवर लिमिटर आधीच बसवलेला असतो. चार ट्रॅक ठोकून भरले तरी तो त्यांना दाबून धरतो आणि आवाज घट्ट, भरीव लागतो. ॲबलटनचा नवा सेट उघडला तर मास्टर रिकामा. म्हणजे तुलना होते लिमिटर लावलेल्या आणि न लावलेल्या आवाजाची, आणि श्रेय जातं कंपनीच्या नावाला!

दुसरं कारण वार्प. ॲबलटनमध्ये लूप टाकला की तो प्रोजेक्टच्या टेम्पोला ताणला जाऊ शकतो. १२० बीपीएमची हलगी १३५ वर ताणली की तिची कडक थाप मऊ पडणारच. वार्प बंद करा किंवा त्याचा मोड बदला, थाप जागेवर येते.

तिसरं कारण पॅन लॉ. मधोमध ठेवलेला मोनो आवाज किती डेसिबलने वाजवायचा, याचा नियम प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकच नसतो. काहींत तो ३ डेसिबल खाली येतो, काहींत येत नाही. आणि दोन सारख्याच आवाजांतला जरा मोठा वाजणारा कानाला ‘भारी’ वाटतो. डीजे लाइनमध्ये राहून हे माहीत नसेल तर कठीण आहे.

सिंथची गोष्टही तीच. सीरम किंवा सायलेंथसारखे प्लगइन तुम्ही कुठेही उघडा, ते तेच असतात. अविची आणि मार्टिन गॅरिक्स एफएलवर गाणी बनवून जगभर पोचले, स्क्रिलेक्स ॲबलटनवर, आर्मिन व्हॅन ब्युरेन लॉजिकवर. नुसतं गाणं ऐकून सॉफ्टवेअर ओळखणारा मला अजून भेटायचा आहे.

फरक आहे तो काम करण्याच्या पद्धतीत. पॅटर्न रचून बीट बांधायला एफएल झटपट, शिवाय एकदा घेतलं की पुढची अपडेट आयुष्यभर फुकट. स्टेजवर क्लिप मागेपुढे करत लाइव्ह वाजवायचं असेल तर ॲबलटनचा सेशन व्ह्यू त्यासाठीच आहे. लॅपटॉप जुना आणि खिसा हलका असेल तर रीपर. निवड यावरून करा.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘व्हर्च्युअल डीजे येतं, म्हणजे प्रॉडक्शन येतं.’ व्हर्च्युअल डीजे, सेराटो, रेकॉर्डबॉक्स ही तयार गाणी वाजवायची साधनं. गाणं बनवायचं सॉफ्टवेअर वेगळं.

‘मॅक लागतोच.’ लॉजिकला लागतो. एफएलची पूर्ण मॅक आवृत्तीच मुळी २०१८ साली आली, त्याआधी तो विंडोजवाल्यांचाच कारभार होता.

‘फुकट ते टाकाऊ.’ मॅकवरचं गॅरेजबँड फुकट आहे आणि त्यातला प्रोजेक्ट पुढे लॉजिकमध्ये उघडतो. विंडोजवर एलएमएमएस आहे. एफएलच्या ट्रायलला मुदत नाही, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही.

‘क्रॅक सगळेच वापरतात, काही होत नाही.’ अँटिव्हायरस बंद करायला लावणारी फाइल ज्या लॅपटॉपवर टाकता, त्यावरूनच रात्री सुपारी वाजवायची असते, एवढं ध्यानात ठेवा. आणि कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ६३ब वाचा: जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तरच कोर्ट कैद टाळू शकतं. तुम्ही तर सुपारी घेता.

‘सॉफ्टवेअर विकत घेतलं, आता रिमिक्स माझा.’ बीट तुमची. मूळ गाण्याचे हक्क ज्याचे त्याचेच, परवानगी त्याच्याकडून घ्यावी लागते.

राहिला बेस. ५० हर्ट्झचा बेस लॅपटॉपच्या स्पीकरमधून निघतच नाही, त्यामुळे त्यावर मिक्स करणारा अंदाजाने आवाज वाढवत बसतो आणि मांडवात सगळा गोंधळ होतो. तेव्हा सॉफ्टवेअर असं घ्या, जे शिकवणारा माणूस तुमच्या ओळखीत आहे. वर्षभर ते बदलू नका, आणि पैसे हातात असतील तर आधी बरा हेडफोन घ्या.