मनाचे आरोग्य

पणजीस जुन्या सचिवालयाच्या इमारतीशेजारी एक पुतळा आहे. लांब झगा घातलेला पुरुष दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री कोसळत आहे. नवख्या माणसास ते शिल्प पाहून क्षणभर भयच वाटते. पुतळा आहे आबे फारिया यांचा. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो १९४५ साली घडविला. १७५६ साली बारदेशातील कांदोळी गावी जन्मलेले हे धर्मगुरू पुढे पॅरिस येथे संमोहनविद्येचे अभ्यासक म्हणून प्रसिद्धीस आले.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका गोमंतकात घरोघरी सांगितली जाते. लिस्बन येथे पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्यास तरुण फारिया उभे राहिले आणि समोरचा तो दरबारी थाट पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा जवळच असलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत म्हटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” हे सारे केवळ पालेभाजीचे ढीग आहेत, काप खुशाल, असा त्याचा भाव. ते शब्द कानी पडताच पुत्राची भीती पळाली व प्रवचन उत्तम झाले. आख्यायिकेत इतिहास किती व कल्पना किती, हा वाद आम्ही येथे करीत नाही. परंतु राणी बदलली नाही, दरबार बदलला नाही, आणि तरीही भीती गेली, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. शिवाय धीराचे ते शब्द घरच्या बोलीतले होते. आमचीही घरची बोली कोकणीच असल्याने त्यातली ऊब आम्हांस विशेष जाणवते.

फारियांनी पुढे प्रतिपादिलेले मतही याच वळणाचे आहे. त्या काळी मेस्मर या वैद्याच्या मताचा युरोपात बोलबाला होता. माणसामाणसांत एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो व हातांच्या हालचालींनी तो वळवून रोग बरे करता येतात, असे त्याचे अनुयायी मानीत. फारियांनी हे नाकारले. प्रयोग करणाऱ्याच्या हातात कसलीही जादू नाही. ती निद्रा येते ती झोपणाऱ्याच्याच मनाच्या एकाग्रतेतून व अपेक्षेतून, असे त्यांनी सांगितले. त्यांचा ग्रंथ १८१९ साली निघाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

मन शरीरावर सत्ता चालविते हे आपल्या भाषेला मात्र फार पूर्वीच उमगले होते. भयाने आपल्या पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात. संकट टळले की जीव भांड्यात पडतो. हे निव्वळ अलंकार नव्हेत. भीती वाटताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून अॅड्रेनलीन नावाचे द्रव्य रक्तात उतरते, हृदय वेगाने धावते, श्वास उथळ होतो व पचन मंदावते. परीक्षेच्या सकाळी ज्या मुलाचे पोट दुखते, त्याचे दुखणे खरेच असते. “सोंग करतो आहे” असे म्हणून त्यास दटावणाऱ्या पालकांनी एवढे जाणून घ्यावे.

उलट दिशेनेही हा व्यवहार चालतो. श्वास सावकाश, लांबवर सोडीत गेल्यास हृदयाची गती उतरते व मनही निवते. रात्री उशिरापर्यंत मोबाईलकडे पाहत जागलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी चिडचिडा होतो, त्यात त्याच्या स्वभावाचा दोष थोडा व झोपेचा अधिक. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस आठ ते दहा तास झोप हवी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसातून सरासरी एक तास तरी घाम येईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहावीचे वर्ष आले की प्रथम खेळ बंद करणारी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. हा सौदा आम्हांस आतबट्ट्याचा वाटतो.

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती होय, असे याच संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत म्हटले आहे. सुश्रुतसंहितेनेही स्वस्थ पुरुषाचे वर्णन करताना दोष व अग्नी यांच्या समतेबरोबर आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता मोजली आहे. यातला ‘सामाजिक’ हा शब्द आपण सहसा विसरतो. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. मनातले दुःख चारचौघांदेखत, मोठ्याने, देवापुढे मांडले जाते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण दुःख उच्चारल्याने त्याचा भार हलका होतो, हे त्या रीतीत पुरते उतरले आहे. मात्र कौल घेतला, दृष्ट काढली आणि महिनोन्‌महिने न जेवणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलीस वैद्याकडे नेलेच नाही, हे योग्य नव्हे. देवास गाऱ्हाणे घालावे व डॉक्टरांसही दाखवावे. एकाने दुसऱ्यास बाध येत नाही.

ऐकून घेण्याचे हे काम शास्त्रशुद्ध रीतीने किती उपयोगी पडते, याचा एक मोठा प्रयोग गोव्यातच झाला. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ‘मानस’ नावाने तो केला. आरोग्यकेंद्रात येणारे कित्येक रुग्ण अंगदुखी, थकवा, निद्रानाश अशी तक्रार सांगतात. मुळाशी असते खिन्नता वा चिंता. अशा रुग्णांशी बोलण्यासाठी डॉक्टर नसलेल्या स्थानिक व्यक्तींस शिक्षण देण्यात आले. त्या रुग्णास त्याच्या दुखण्याचा अर्थ समजावीत, धीर देत, आणि गरज पडल्यास औषध व तज्ज्ञ यांची जोड मिळे. २०१० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष आले: सरकारी आरोग्यकेंद्रांत अशा साहाय्याने बरे होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले होते.

“लोक काय म्हणतील?” हा प्रश्न तरीही उरतोच. विशेषतः मुलीच्या घरी. त्यांनी हे जाणावे की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. आणि ज्यास दवाखान्याची पायरी चढण्याचाही संकोच वाटतो, त्याच्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६, दिवसा वा रात्री केव्हाही फिरवावा, पैसे पडत नाहीत.