निवृत्तीची पुंजी आणि सांभाळणाऱ्याचा वाटा

सन 1956 मध्ये भोपाळसाठी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व 1974 मध्ये ती ‘भेल’मध्ये विलीन झाली. कारखान्याच्या आश्रयाने बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा या वसाहती वाढल्या. तेथे उमेदीची वर्षे वेचून कामगार निवृत्त होतो, तेव्हा जन्मात कधी एकत्र न पाहिलेली रक्कम त्याच्या हाती पडते. मग ती कोठे गुंतवावी हे सांगणारे पुष्कळ जण दाराशी येतात. रक्कम किती वाढेल, हे सर्वच सांगतात. सांभाळण्याबद्दल आपण काय घेणार, हे मात्र क्वचितच कोणी आपण होऊन सांगतो. या दुसऱ्या प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

शेअरबाजारात पैसे गुंतविण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत व्यवस्थापक अभ्यास करून शेअर निवडतो, विकतो, बदलतो. हिला सक्रिय व्यवस्थापन म्हणतात. दुसरीत निवड करावयाचीच नसते. सेन्सेक्सच्या 30 किंवा निफ्टीच्या 50 कंपन्यांचे शेअर त्या त्या प्रमाणात घेऊन ठेवावयाचे. हे निष्क्रिय व्यवस्थापन होय. यात श्रम थोडे, म्हणून शुल्कही थोडे.

निवडणारा हुशार असेल तर त्याला अधिक द्यावयास काय हरकत, असे कोणी विचारील. याचे उत्तर अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी 1991 मध्ये साध्या अंकगणिताने दिले. सर्व गुंतवणूकदार मिळून बाजार होतो. त्यांत एकाने सरासरीहून अधिक मिळविले, तर दुसऱ्यास तेवढे कमी मिळालेच पाहिजे. म्हणून सक्रिय रीतीने गुंतविलेल्या रुपयाचे सरासरी उत्पन्न, खर्च वजा जाता, निष्क्रिय रुपयाहून कमीच भरते. काही व्यवस्थापक पुढे जातात, हे खरे. परंतु पुढील वीस वर्षांत कोण पुढे राहील, हे आधी ओळखणे फार कठीण.

शिवाय शुल्क हे नव्या पिकावर नव्हे, तर खळ्यावरील सबंध राशीवर दरसाल घेतले जाते. पीक बुडाले तरी वाटा द्यावाच लागतो. वाढ 10 टक्के व शुल्क 2 टक्के असेल, तर वाढीचा पाचवा हिस्सा गेला. एक लाख रुपये दरसाल 10 टक्क्यांनी वाढतात असे धरू. शुल्क 0.2 टक्के असता वीस वर्षांनी सुमारे 6 लाख 49 हजार होतात. 2 टक्के असता सुमारे 4 लाख 66 हजारच. मूळ पुंजीहून मोठी रक्कम, पावतीही न फाडता, घराबाहेर गेली!

आपल्या देशात याची उदाहरणे आहेत. राष्ट्रीय पेन्शन योजना 2009 मध्ये सर्व नागरिकांस खुली झाली, तेव्हा तीतील शेअरची गुंतवणूक निर्देशांकाप्रमाणेच होती आणि व्यवस्थापनाचे शुल्क लाखामागे वर्षाला एक रुपयाहूनही कमी होते. 2021 च्या दरांत ते लाखामागे अधिकांत अधिक 90 रुपये झाले. याउलट म्युच्युअल फंडांच्या 2019 साली लागू झालेल्या नियमांत सक्रिय शेअर-योजनेस लाखामागे 2,250 रुपयांपर्यंत खर्च घेण्याची मुभा होती. प्रॉव्हिडंट फंडाच्या केंद्रीय संघटनेनेही ऑगस्ट 2015 पासून शेअरबाजारात प्रवेश केला, तो निर्देशांकाच्याच वाटेने.

तथापि स्वस्त म्हणजे सुरक्षित, असा अर्थ कोणी घेऊ नये. बाजार कोसळला की निर्देशांकही कोसळतो. मुलीच्या लग्नास, औषधपाण्यास वा घरदुरुस्तीस लवकरच लागणारा पैसा शेअरमध्ये कोणत्याच रीतीने घालू नये.

उरलेल्या पैशाविषयी सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. वर्षाला एकूण खर्च किती? त्यात सांगणाऱ्याचे कमिशन किती? आणि मुदतीपूर्वी पैसे काढल्यास काय कापले जाईल? म्युच्युअल फंड असेल, तर ‘डायरेक्ट’ योजनेचाही खर्च विचारावा. जानेवारी 2013 पासून उपलब्ध असलेल्या या योजनांत मध्यस्थाचे कमिशन नसते. उत्तरे टक्क्यांत नव्हे, रुपयांत लिहून घ्यावीत आणि घरधनिणीसमक्ष वाचावीत. जो लिहून देण्यास कचरतो, त्यास चहा पाजून आदराने निरोप द्यावा.