३३८९ क्रमांकाचं दार

घरचा राउटर बाहेरून आलेली, आपण न मागवलेली जोडणी मुकाट्याने टाकून देतो. ऑफिसातून घरचा कॉम्प्युटर चालवायचा म्हणून आपण त्यात ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करतो, तेव्हा हा नियम एका क्रमांकापुरता मोडतो. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला क्रमांक ३३८९.

‘माझा पत्ता कुणाला ठाऊक?’ हा युक्तिवाद २०१३ सालीच निकालात निघाला. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांच्या ‘झेडमॅप’ने एकाच मशीनवरून साऱ्या आयपीव्ही४ इंटरनेटवरचं एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासून दाखवलं. तुम्हाला कुणी शोधत नसतं. सरसकट सगळ्यांचीच कडी वाजवून पाहिली जाते. क्रमांक बदलला तर वर्दळ कमी होते, इतकंच.

खात्री हवी? पोर्ट उघडं असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडा आणि ४६२५ क्रमांकाच्या नोंदी बघा. फसलेली लॉगइन तिथे सापडतात: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, टेस्ट, युजर... अशी नावं एकामागून एक.

पासवर्ड भक्कम आहे, मग? मे २०१९मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ‘ब्लूकीप’ ही त्रुटी जाहीर झाली. तिला पासवर्ड लागतच नव्हता. मायक्रोसॉफ्टने कधीच मोडीत काढलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली, यावरून काय ते समजा.

त्यापेक्षा व्हीपीएन बरं. त्यातलं वायरगार्ड तर अनोळखी पाकिटाला उत्तरच देत नाही. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलाच आहात, तर यूपीएनपीही बंद करा. त्याच्या आधाराने घरातला कॅमेरा तुम्हाला न विचारता परस्पर पोर्ट उघडू शकतो.