प्रशासन-सुधारणेचे मोजमाप : केंद्र शासनाच्या दोन आयोगांच्या संदर्भात

प्रशासन-सुधारणेचा आढावा घ्यावयाचा म्हटले की आपल्याकडे प्रथम शिफारशी मोजल्या जातात. ५ जानेवारी १९६६ रोजी नेमलेल्या प्रशासन-सुधारणा आयोगाने २० अहवालांतून ५३७ शिफारशी केल्या. मोरारजी देसाई हे त्याचे पहिले अध्यक्ष होत. १९६७ साली ते उपपंतप्रधान झाल्यावर के. हनुमंतय्या यांच्याकडे ते पद आले. २००५ साली वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दुसऱ्या आयोगाने १५ अहवाल दिले. यांपैकी किती शिफारशी स्वीकृत झाल्या याचा आकडा शासन देते, आणि पुष्कळदा प्रबंधांतूनही तोच प्रगतीचे प्रमाण म्हणून उद्धृत होतो. परंतु शिफारशी या समान वजनाच्या नसतात, आणि स्वीकार म्हणजे अंमलबजावणी नव्हे.

लोकपालाचेच उदाहरण घेऊ. नागरिकांच्या गाऱ्हाण्यांच्या निवारणासाठी अशी संस्था असावी, अशी शिफारस पहिल्या आयोगाने १९६६ सालच्या आपल्या अंतरिम अहवालात केली. १९६८ साली विधेयक आले. १९६९ साली लोकसभेने ते संमतही केले. परंतु राज्यसभेची संमती मिळण्यापूर्वीच लोकसभा विसर्जित झाल्याने ते बाद झाले. त्यानंतर अनेक विधेयके आली व गेली. कायदा झाला तो २०१३ साली, आणि पहिल्या लोकपालाची नेमणूक व्हावयास मार्च २०१९ उजाडला. तत्त्वतः मान्य झालेल्या शिफारशीस प्रत्यक्षात उतरण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. राज्यांच्या पातळीवर मात्र महाराष्ट्राने १९७१ सालीच लोकायुक्ताचा कायदा केला होता. तेव्हा ही कल्पनाच अव्यवहार्य होती असे म्हणता येत नाही.

याच्या उलट, केंद्रात स्वतंत्र कार्मिक विभाग असावा ही शिफारस पाहा. १९७० सालीच तो विभाग अस्तित्वात आला. या दोहोंतील भेद केवळ योगायोगाचा नसावा. शासनाला आपल्या अंतर्गत मांडणीत फेरबदल करणे सोपे वाटते. आपल्या अधिकारावर बाहेरचा अंकुश येऊ देणे जड जाते. १९२३ सालचा शासकीय गुपिते अधिनियम रद्द करावा, ही दुसऱ्या आयोगाची शिफारस शासनाने मान्य केली नाही. गणतीत ती अनेकांपैकी एकच भरेल. महत्त्वाच्या दृष्टीने ती कितीतरी मोठी आहे.

कागदोपत्री अंमलात येऊनही आशय निसटलेल्या सुधारणांचा एक तिसरा वर्ग आहे, आणि अभ्यासकाने खरे लक्ष द्यावे ते येथे. फाईल लिपिकापासून पायरीपायरीने वर चढावी व प्रत्येक पायरीवर टिप्पणी लिहिली जावी, ही सचिवालयीन रीत मोडण्यासाठी १९७३ साली केंद्रात कक्ष-अधिकारी पद्धती सुरू करण्यात आली. विषय ज्याच्याकडे आहे त्यानेच प्रकरण तपासावे व ते थेट निर्णय घेणाऱ्याकडे न्यावे, हा तिचा गाभा होता. परंतु जुनी शाखा-पद्धती तिच्या शेजारी चालूच राहिली. अशा वेळी 'शिफारस अंमलात आली' असे लिहिणे खोटे नव्हे. पण त्यातून काहीच कळत नाही.

मोजमाप करणारी यंत्रणाही मोजली जाणाऱ्याच्या हाती असली म्हणजे काय होते, हे २००९ साली सुरू झालेल्या फलनिष्पत्ति-आराखड्यांच्या योजनेत दिसून येते. प्रत्येक मंत्रालयाने वर्षाची उद्दिष्टे, त्यांचे भारांक व यशाचे निकष लिहून द्यावयाचे आणि वर्षअखेर गुण मिळावयाचे, अशी ती योजना होती. उद्दिष्टपूर्तीच्या पाच श्रेणी होत्या व त्यांतील सर्वांत खालच्या 'निकृष्ट' श्रेणीसही ६० गुण होते! आराखड्याचा मसुदा मुदतीत सादर करणे हाही एक गुणपात्र निकष होता. उद्दिष्टे मंत्रिमंडळ सचिवालयाकडून तपासली जात, हे खरे. तथापि ती मुळात सुचविणार मंत्रालयच, आणि साध्य होण्याजोगेच उद्दिष्ट सुचविण्याचा मोह कोणाला होणार नाही? २०१४ नंतर ही योजना मागे पडली.

केंद्राच्या लोकतक्रार निवारण प्रणालीचे आकडेही असेच जपून वाचावे लागतात. २०२४ साली तक्रारीच्या निवारणाची मुदत ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणण्यात आली. परंतु तक्रार 'निकाली निघणे' आणि तक्रारदाराचे काम होणे या भिन्न गोष्टी आहेत. 'संबंधित कार्यालयाकडे पाठविले' एवढ्या उत्तरानेही प्रकरण बंद होऊ शकते, आणि मुदत आखूड झाली की अशा उत्तराचा मोह वाढतो.

मग मोजावे कसे? एक मार्ग महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. बदल्यांचे विनियमन व दिरंगाईस प्रतिबंध करणाऱ्या २००५ सालच्या राज्य अधिनियमाप्रमाणे कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये. या तरतुदीचे पालन किती होते, हे तपासण्यासाठी शासनाच्या सांख्यिकीची वाट पाहण्याचे कारण नाही. केंद्राच्या माहिती अधिकार अधिनियमाखाली नागरिकास अभिलेखांची पाहणी करता येते. एखाद्या कार्यालयातील आवक-जावक नोंदवही व निवडक फाईली घेऊन, प्रत्येक टिप्पणीखालील तारीख टिपून, फाईल कोणत्या मेजावर किती दिवस थांबली याचे कोष्टक दोन विद्यार्थ्यांना एका सत्रात करता येईल. मात्र परत पाठविलेल्या फाईली त्यात वेगळ्या दाखवाव्या लागतील, कारण सहाव्या दिवशी किरकोळ शंका काढून फाईल खाली धाडणे हा सात दिवसांचा नियम पाळण्याचा सर्वांत सुलभ उपाय आहे.